साय कोणाची?

ब्राऊन नावाचे एक स्कॉटिश सॉलिसिटर इन्कम टॅक्सची सवलत मागायला कोर्टाची पायरी चढले. प्रकरण वरवर जात १९६४ साली थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पोचलं. निकाल लागला तेव्हा सवलत तर मिळाली नाहीच, उलट ज्या पैशांवर सवलत मागितली ते पैसेच तुमचे नाहीत, असं ऐकून घ्यावं लागलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

पैसे होते व्याजाचे. सॉलिसिटरकडे अशिलांच्या रकमा पडून असतातच. ब्राऊन यांनी त्या बँकेत ठेव म्हणून ठेवल्या आणि त्यांवर आलेलं व्याज स्वतःचं उत्पन्न म्हणून धरलं. त्या काळी ब्रिटनमध्ये कष्टाच्या कमाईवर टॅक्स कमी आणि बसल्या जागी मिळणाऱ्या उत्पन्नावर जास्त, असा भेद होता. ब्राऊन यांचं म्हणणं असं, की हे व्याज माझ्या वकिलीतूनच आलंय, तेव्हा ते कमाईत धरा. लॉर्ड्सनी मुळालाच हात घातला. अशिलाचा पैसा विश्वासानं सांभाळायला दिलेला असतो. त्यावर उगवलेलं व्याजही अशिलाचंच. सॉलिसिटरनं ते ठेवून घ्यायचं काही कारण नाही.

या निकालामागे एक फार जुना दंडक आहे आणि तो ऐकताना आजही क्षणभर थबकायला होतं. रॉमफर्डच्या बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलासाठी एक विश्वस्त सांभाळत होता. मुदत संपत आली. जागामालकानं मुलाच्या नावावर नूतनीकरण करायला साफ नकार दिला, तेव्हा विश्वस्तानं पट्टा स्वतःच्या नावावर करून घेतला. मुलाचं यात काय गेलं? काहीच नाही, त्याला तो पट्टा मिळणारच नव्हता. तरीही १७२६ मध्ये लॉर्ड चान्सेलर किंग यांनी निकाल दिला, की पट्टा मुलाचा आणि त्यातला नफाही मुलाचा. कीच विरुद्ध सॅन्डफर्ड हा तो खटला. तुझं नुकसान किती झालं, हे मुलाला कुणी विचारलंच नाही. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्या हाती काय लागलं, एवढंच पाहिलं गेलं.

आता हे पैसे सॉलिसिटरकडे येतात कसे, ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे चाल वेगळी आहे. पुण्यात फ्लॅट विकला, तर खरेदीदाराचा डिमांड ड्राफ्ट किंवा आरटीजीएस सरळ विकणाऱ्याच्या खात्यात येतो आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे, फोटो, सह्या होतात. वकील कागद बघतो, पैशाला हात लावत नाही. इंग्लंडात घर घेतलेल्या मराठी मंडळींना पहिला धक्का बसतो तो इथंच. तिथं खरेदीदाराची बचत आणि त्याच्या बँकेचं कर्ज आधी त्याच्या सॉलिसिटरकडे जातं. तिथून ते विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे. तो त्यातून विकणाऱ्याचं जुनं गृहकर्ज फेडतो, एजंटची दलाली देतो, आपली फी कापतो आणि उरलेलं विकणाऱ्याच्या हाती ठेवतो. शिवाय करार पक्का होतो त्या दिवशी, किल्ल्या मिळायच्या कितीतरी आधी, साधारण दहा टक्के रक्कम विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे जमा असते. मृत्युपत्राच्या कामात तर अख्खी इस्टेट महिनोन्‌महिने त्याच्या ताब्यात असते.

हे सगळे पैसे फर्मच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळे, ‘क्लायंट अकाउंट’ नावाच्या खात्यात ठेवावे लागतात. मात्र प्रत्येक अशिलाचं वेगळं खातं नसतं. बँकेच्या दृष्टीनं सगळ्यांचं मिळून एकच मोठं खातं, आणि कुणाचे किती हे फर्मच्या वहीत. गावच्या डेअरीसारखं: प्रत्येकाचं लिटर-दोन लिटर दूध मापून वहीत लिहिलं जातं, पण ओतलं जातं एकाच टाकीत. टाकीवर साय धरते. ती कोणाची?

ब्राऊन निकालानं उत्तर दिलं, दूधवाल्यांची. आणि देशभरातल्या फर्म्समध्ये धांदल उडाली. उत्तर चुकीचं होतं म्हणून कुणी तक्रार करत नव्हतं. अडचण हिशेबाची होती. कुणाचे तीनशे पौंड चार दिवस, कुणाचे बाराशे पौंड एक आठवडा. यातल्या प्रत्येकाचं व्याज काढायचं तर ज्या कारकुनाला बसवायचं त्याचा पगार व्याजाहून जास्त. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, पार्लमेंटनं तोडगा काढला. कोणत्या रकमेवर व्याज द्यायचं याचे नियम व्यवसायाच्या संस्थेनं करावेत. त्या नियमांनुसार जे देणं लागतं ते द्यावं, आणि सामायिक खात्यावरचं बाकीचं व्याज सॉलिसिटरनं ठेवलं तरी चालेल. आज हीच तरतूद १९७४ च्या सॉलिसिटर्स ॲक्टच्या कलम ३३ मध्ये आहे. न्यायालयानं सांगितलेली मालकी संसदेनं सोयीसाठी बारीकशी कातरली, असं मी म्हणेन.

बारीकशी म्हणजे किती, त्याचं कोष्टकच पुढं नियमांत छापलेलं असे. १९९८ च्या नियमांत ते असं होतं: हजार पौंड आठ आठवड्यांपर्यंत, दोन हजार चार आठवड्यांपर्यंत, दहा हजार दोन आठवड्यांपर्यंत आणि वीस हजार एका आठवड्यापर्यंत ठेवले, तर व्याज द्यायची गरज नाही. शिवाय हिशेब करून व्याज २० पौंड किंवा त्याहून कमी भरलं, तरीही नाही. गंमत म्हणून रक्कम आणि आठवडे यांचा गुणाकार करून बघा. पहिल्या दोन ओळींत आठ हजार येतो, पुढच्या दोन ओळींत एकदम वीस हजार. मोठ्या रकमेच्या मालकाला अडीचपट उदार व्हावं लागे.

असल्या कणांचं करायचं काय, हा प्रश्न इतर देशांनाही पडला आणि त्यांनी वेगळी वाट धरली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं १९६० च्या दशकात, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं १९६९ मध्ये आणि अमेरिकेत सर्वांत आधी फ्लोरिडानं १९८१ मध्ये हे व्याज सार्वजनिक कामाकडे वळवलं. आज अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत वकिलांच्या सामायिक खात्यांवरचं व्याज प्रामुख्यानं गरिबांच्या कायदेशीर मदतीला जातं. पण कण झाला तरी तो कुणाचा तरी असतो. वॉशिंग्टन राज्यात ब्राऊन नावाच्याच एका गृहस्थांनी (योगायोग, दुसरं काय) दावा लावला. घरखरेदीचे त्यांचे ९०,५२१ डॉलर एका मध्यस्थाच्या अशा खात्यात दोन दिवस होते. व्याज भरलं ४ डॉलर ९६ सेंट. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. व्याज अशिलाची मालमत्ता आहे हे १९९८ मध्येच ठरलं होतं, ते कायम. ती सरकारनं घेतली असं धरलं, तर भरपाईही द्यायला हवी. पण भरपाई मोजायची मालकाच्या नुकसानीवरून, आणि ही योजना नसती तर एवढ्याशा व्याजातून खर्च वजा जाता मालकाला काही मिळालंच नसतं. म्हणून भरपाई शून्य. रॉमफर्डच्या मुलाला जो प्रश्न कुणी विचारला नाही, नेमका तोच वॉशिंग्टनच्या ब्राऊन यांना विचारला गेला.

इंग्लंडात मात्र ती उरलेली साय फर्मकडेच राहिली आणि बरीच वर्षं तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. कारण उघड आहे. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर मार्च २००९ मध्ये अर्ध्या टक्क्यावर आला आणि मार्च २०२० मध्ये तर ०.१ टक्क्यावर. मग डिसेंबर २०२१ पासून तो चढत गेला, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांना टेकला. दोन लाख पौंड नव्वद दिवस पडून राहिले तर ०.१ टक्क्यानं व्याज होतं ४९ पौंड, ५.२५ नं २,५८९ पौंड. क्लायंट अकाउंटला बँक याहून कमी दर देते हे खरं, तरी फरक कुठल्या पट्टीतला आहे ते कळतं. एक फर्म, तिच्याकडे शेकडो अशील, आणि खात्यात कायम पडून राहणारे काही दशलक्ष पौंड, असा विचार केला की ही रक्कम धंद्याच्या ताळेबंदात केवढी दिसत असेल याचा अंदाज येतो.

कोष्टक तोवर गेलं होतं. २०११ पासून ठरावीक आकड्यांची जागा ‘रास्त’ या एका शब्दानं घेतली. २५ नोव्हेंबर २०१९ पासून लागू असलेल्या हिशेबाच्या नियमांत नियम ७.१ एवढंच सांगतो, की सांभाळलेल्या पैशावर अशिलाला व्याजाची रास्त रक्कम द्या. लगेच ७.२ म्हणतो, अशिलाशी लेखी करार करून वेगळं काही ठरवता येईल, पण त्याला पुरेशी माहिती देऊन, समजून-उमजून घेतलेली संमती हवी. व्यवहारात हे कलम फर्मच्या सुरुवातीच्या पत्रात, बारीक टायपात, फीच्या तपशिलानंतर कुठंतरी असतं. वीस पौंडांखालचं व्याज देत नाही, अमुक बँकेच्या अमुक खात्याच्या दरानं देतो, वगैरे. तक्रार करायच्या आधी ते पत्र शोधून वाचायचं. निम्मी भांडणं तिथंच सुटतात किंवा तिथंच बुडतात.

घरविक्रीच्या छापील अटींमध्ये याहून मजेदार गोष्ट आहे. इंग्लंडात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘स्टँडर्ड कंडिशन्स ऑफ सेल’मध्ये म्हटलंय, की विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे असलेली अनामत व्यवहार पुरा होताना विकणाऱ्याला व्याजासकट द्यायची. कुठलं व्याज? ती व्याजानं ठेवली असेल तर प्रत्यक्ष आलेलं. ठेवलीच नसेल, तर सात दिवसांच्या सूचनेवर काढता येणाऱ्या ठेवीत क्लिअरिंग बँकेत ठेवली असती तर जे रीतसर मिळालं असतं ते, योग्य खर्च वजा करून. म्हणजे बँकेनं कधीच न दिलेलं, कुठल्याच पासबुकात न उमटलेलं व्याज, फक्त मिळालं असतं म्हणून देणं लागतं! न घडलेल्या गोष्टीचा हिशेब पैशांपर्यंत मांडायची ही हौस मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आतापर्यंत बोललो ते योग्य कारणासाठी ठेवलेल्या पैशाबद्दल. कारण संपल्यावर काय? त्याला नियम २.५ आहे: ठेवून घ्यायचं योग्य कारण उरलं नाही, की पैसा तत्परतेनं परत. इथं व्याजाची मागणी दोन भागांत विभागली जाते, आणि बहुतेक अशील ते दोन भाग एकत्र करून मोघम पत्र लिहितात. एक कल्पित उदाहरण घेऊ. फ्लॅट विकला गेला १० मार्चला. इमारतीच्या देखभाल खर्चाचा वाद चालू होता म्हणून सॉलिसिटरनं ४०,००० पौंड मागे ठेवले. हे रास्तच. वाद मिटल्याचं पत्र आलं १० जूनला. पैसे हातात आले १० डिसेंबरला, सोबत व्याज १५० पौंड ६८ पेन्स.

अशा वेळी मागायची ती खतावणी, म्हणजे अशिलाच्या नावाचं लेजरचं पान. त्यावर तारीख, तपशील, जमा, नावे आणि शिल्लक असे रकाने असतात आणि सगळी कथा त्यात असते. १० मार्च, ४०,००० शिल्लक. मग महिनोन्‌महिने एकही नोंद नाही. जून कोरा, जुलै कोरा, ऑगस्ट कोरा. १० डिसेंबर, शिल्लक शून्य. मार्च ते जूनचे ९२ दिवस, जून ते डिसेंबरचे १८३, मिळून २७५. उलट गणित केलं तर कळतं, की १५० पौंड ६८ पेन्स म्हणजे अर्धा टक्का दर लावलाय. त्या काळात तेवढ्या रकमेला साध्या बचत खात्यावर तीन टक्के मिळत होते असं समजू. मग सगळ्या दिवसांचं व्याज होतं ९०४ पौंड ११ पेन्स. आता दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. ९२ दिवसांबद्दल एवढंच विचारता येतं, की अर्धा टक्का रास्त आहे का. तिथं फर्म आपल्या धोरणाकडे बोट दाखवेल आणि कदाचित तगेलही, कारण बाजारातला सर्वांत चढा दर देणं तिच्यावर बंधनकारक नाही. १८३ दिवसांबद्दल प्रश्न दराचा नाहीच. ते पैसे तिथं असायलाच नको होते. ‘आमच्या धोरणानुसार’ हे उत्तर त्या दिवसांना लागू पडत नाही, कारण ते धोरण रीतसर ठेवलेल्या पैशासाठी केलेलं असतं.

नियमांनुसार क्लायंट अकाउंटचा ताळमेळ फर्मला निदान दर पाच आठवड्यांनी बँकेशी घालावा लागतो. म्हणजे त्या सहा महिन्यांत निदान पाच वेळा कुणीतरी ती ४०,००० ची ओळ बघून पुढं गेलेलं असतं. ‘लक्षात आलं नाही’ म्हणणाऱ्याला हे विनयानं विचारता येतं.

विचारायचं आधी फर्मलाच, लेखी. तिला उत्तराला आठ आठवडे मिळतात. समाधान झालं नाही तर लीगल ओम्बुड्समनकडे जाता येतं. फी नाही, आणि सेवेत कसूर आढळली तर तो ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिने आणि मूळ घटनेपासून (किंवा ती कळल्यापासून) एक वर्ष, या मुदती मात्र पाळाव्या लागतात. कोर्टात गेलात तर काउंटी कोर्ट्स ॲक्टच्या कलम ६९ खाली व्याज मागता येतं. दाव्यात सर्रास लिहिला जातो तो दर आठ टक्के. न्यायनिर्णयाच्या रकमांसाठी १९९३ पासून हाच दर गोठलेला आहे, म्हणून लोक तोच मागतात; द्यायचा की नाही हे न्यायाधीशाच्या मर्जीवर.

चक्रवाढ मागावं का? हा प्रश्न १८७० मध्येच निकाली निघालाय, बर्डिक विरुद्ध गॅरिक या खटल्यात. अमेरिकेत राहणाऱ्या एका माणसानं लंडनच्या सॉलिसिटरला मुखत्यारपत्र दिलं होतं. पैसे आले आणि फर्मच्या खात्यात मिसळून गेले. माणूस वारला, वारसदारीण हिशेब मागायला उभी राहिली. मुदत टळली, हा बचाव चालला नाही. विश्वासानं सोपवलेल्या पैशाला तो लागू नाही असं कोर्टानं म्हटलं. खालच्या न्यायाधीशानं चक्रवाढ व्याज दिलं होतं. अपिलात ते कापून सरळ व्याज केलं, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे: व्यापारी दुसऱ्याचा पैसा धंद्यात फिरवतो आणि नफ्यावर नफा करतो, सॉलिसिटरच्या धंद्यात तसा पैसा फिरत नाही. पुन्हा तीच नजर. अशिलानं काय गमावलं असतं यापेक्षा पैसा धरून बसलेल्यानं त्याचं काय केलं असेल, याचा अदमास.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. मुंबईच्या फोर्टात सॉलिसिटर फर्म्सच्या पाट्या अजून आहेत, आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा देणारी तरुण मंडळीही आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वकिलाला अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवायला लावतात, पैसे आले की अशिलाला शक्य तितक्या लवकर कळवायला सांगतात, आणि हातातल्या पैशाचं आपण घेतलेल्या कर्जात रूपांतर करायला मनाई करतात. व्याजाचा दर त्यांत नाही. तो सापडतो भलत्याच ठिकाणी, १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात. कलम ८८ विश्वासाच्या नात्यातल्या माणसांची यादी देतं, त्यात भागीदार, एजंट, संचालक यांच्याबरोबर कायदेविषयक सल्लागार नाव घेऊन येतो: अशा नात्याचा फायदा उठवून जे मिळवलं ते दुसऱ्यासाठी धरून ठेवलेलं समजायचं. कलम ९५ म्हणतं, तसं धरून ठेवणाऱ्यावर विश्वस्ताच्याच जबाबदाऱ्या. आणि कलम २३ म्हणतं, विश्वस्ताला प्रत्यक्ष व्याज मिळालं असेल तर ते द्यावं लागेल. लाभार्थ्याला पैसे द्यायला त्यानं अवाजवी उशीर केला असेल तर सरळ व्याज, दरसाल दर शेकडा सहा, न्यायालयानं वेगळं सांगितलं नाही तर.